नऊ नंबर आणि चौदा नंबर : ऑर्थो वॉर्डातली एक रात्र

हे प्रकरण ठाण्यातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात घडलं. रुग्णालयाचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुग्णाच्या मुलीची लेखी तक्रार आल्यावर केसपेपर, नर्सिंग नोट्स आणि ड्युटी रजिस्टर तपासून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. नर्सिंग शिकवणं हा माझा पेशा. तक्रारीत एकच मुद्दा होता : ‘माझ्या वडिलांना रात्रभर कॉटला बांधून ठेवलं.’

रुग्ण चौदा नंबरच्या कॉटवरचे, वय 79. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, 1962 ची. तिथल्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या पिढीतले हे आजोबा. सावरकर नगरात मुलीकडे राहायचे, पाऊस नसेल तर सकाळी उपवन तलावापर्यंत चालत जायचे, पेपर पहिल्या पानापासून वाचायचे. उजव्या कानाला यंत्र, डोळ्यांना जाड चष्मा. ब्लड प्रेशरची गोळी चालू, तिच्यात लघवी वाढवणारं थायझाइड. जुलैत इमारतीच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होऊन अर्धा सांधा बदलला, वॉर्डाच्या भाषेत ‘हेमी’ झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही.

ॲडमिशनच्या वेळी मुलगी सिस्टरना सहज म्हणाली होती, ‘बाबा आता थोडं विसरतात हं, वय झालंय.’ हे वाक्य नोंदीत आलं ते ‘विसराळूपणा, वयानुसार’ असं. विसरतात म्हणजे काय, तर चष्मा कुठे ठेवला ते. पण ते कुणी विचारलं नाही, आणि पुढचे चार दिवस ही ओळ सगळ्यांच्या उपयोगी पडत राहिली.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची नोंद अशी : ‘रुग्ण शुद्धीवर, व्यवस्थित बोलतो, मुलीला ओळखतो, अर्धी भाकरी व भाजी खाल्ली.’ रात्री सव्वाएकची नोंद दुसऱ्या हातातली : ‘रुग्ण कन्फ्युज्ड, उठायचा प्रयत्न करतो, कॅथेटर (लघवीची नळी) ओढून काढला, लघवीत रक्त. आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोनवर कळवलं. सांगितल्याप्रमाणे इंजेक्शन एव्हिल दिलं. दोन्ही हात सॉफ्ट बँडेजने बांधले. डायपर लावला.’ सकाळी सहाची नोंद : ‘रुग्ण शांत झोपला आहे.’

यातल्या पहिल्या दोन नोंदींमध्ये पाच तासांचं अंतर आहे. संध्याकाळी भाकरी खाऊन लेकीशी गप्पा मारणारा माणूस मध्यरात्री उठून ‘फर्स्ट शिफ्ट चुकेल, डबा कुठेय’ म्हणू लागतो, तेव्हा त्याच्या शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही हे परीक्षेत लिहील. दोन्ही नोंदी एकाच पानावर, एकाखाली एक होत्या.

आता नऊ नंबरच्या कॉटवरचा रुग्ण. वय 34, माजिवड्याजवळ खड्ड्यात बाइक घसरून नडगीचं हाड मोडलेला. त्याचंही ऑपरेशन झालेलं. त्याच रात्री, पावणेतीनच्या सुमारास, तो बाइकची चावी मागू लागला आणि आपण घरीच आहोत असं बोलू लागला. त्याच सिस्टरने काय केलं ते नोंदीत मिनिटागणिक आहे. शुगर पाहिली, बीपी घेतलं, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, श्वासाची गती मोजली, छातीवर आणि डोळ्यांत लाल ठिपके आहेत का ते टॉर्च लावून पाहिलं. लांब हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात जाऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो, हे तिला आठवलं होतं. आरएमओंना फोन केला तेव्हा ‘येऊन बघाच’ असा आग्रह धरला. ते आले, तपासण्या झाल्या, शेवटी ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाचा परिणाम निघाला आणि ते औषध बंद झालं. वाखाणण्यासारखं काम. हातात वेळ नसलेल्या, एकटीने तेरा रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीने केलेलं.

म्हणजे ज्ञान होतं, हिंमत होती आणि काम टाळायची वृत्तीही नव्हती. दीड तासाच्या अंतराने तेच लक्षण दोन कॉटवर दिसलं. एकावर तिने सगळं शिकलेलं पणाला लावलं, दुसऱ्यावर बँडेजचा रोल. मुलाखतीत मी विचारलं, नऊ नंबरबद्दल शंका कशी आली? ती म्हणाली, ‘मॅडम, तो तरुण आहे ना, तो असं कशाला बोलेल?’ आणि चौदा नंबर? ‘त्यांचं तर वयच होतं ना.’

ही मुलगी मूळची लातूर जिल्ह्यातली, आजीच्या हाताखाली वाढलेली. आजोबांना तिने रात्री दोनदा पाणी पाजलं, ‘आजोबा, झोपा बरं आता’ म्हणत कपाळावरून हात फिरवला. हे समोरच्या कॉटवरच्या नातेवाइकांनीच मला सांगितलं. तेव्हा ‘आजकालच्या सिस्टरना म्हाताऱ्या माणसांबद्दल माया नाही’ हे नेहमीचं निदान इथे लागूच पडत नाही. माया होती, भरपूर. आजोबा आजारी असू शकतात, असा संशय मात्र तिला आला नाही. म्हातारपणी माणूस बरळतोच, पडतोच, अंथरुणात करतोच, अशी समजूत एकदा मनात बसली की नव्या लक्षणाला जागाच उरत नाही. प्रशासनाने नंतर सगळ्यांसाठी ‘वृद्धांशी प्रेमाने वागा’ असं एक तासाचं व्याख्यान ठेवलं, ते मला म्हणूनच निरुपयोगी वाटलं. तिथे प्रेम कमी पडलंच नव्हतं.

योगायोगाने याच वॉर्डात वर्षभरापूर्वी नर्सच्या दृष्टिकोनाचं मापनही झालं होतं. एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय सुचेनासा झाला की हात कोगनच्या प्रश्नावलीकडे जातो. नेथन कोगन या मानसशास्त्रज्ञाने ती 1961 मध्ये तयार केली. त्यात 34 विधानं आहेत, निम्मी वृद्धांबद्दल चांगलं बोलणारी, निम्मी वाईट, आणि प्रत्येकावर आपण किती सहमत आहोत ते सांगायचं. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरनेही ती भरली होती आणि तिचा कल स्पष्टपणे अनुकूल आला होता. त्यात ती खोटं बोलली असं मला अजिबात वाटत नाही. वृद्धांचा स्वभाव, त्यांची घरं, शेजारपाजार, त्यांची सोबत आवडते का, असल्या विधानांवर तिने मनापासून खुणा केल्या असणार. मध्यरात्री सव्वाएकला म्हातारा माणूस डबा शोधू लागला तर तुम्ही आधी शुगर बघाल की बँडेज आणाल, असं कुठलंच विधान तिथे नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1969 मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ हे नाव दिलं. तो भेद आदरात, लाडातही लपू शकतो. आजोबांना लहान बाळासारखं वागवणं हे त्याचंच एक रूप, आणि आपल्याकडे ते फार गोड दिसतं.

पुढचे दोन दिवस काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण खरं नुकसान तिथे झालं. रात्रपाळीचा सकाळचा हँडओव्हर मी दोघींकडून वेगवेगळा ऐकला, शब्द जवळजवळ सारखेच निघाले : ‘चौदा नंबर, हेमी झालेले आजोबा, रात्री खूप त्रास दिला, कॅथेटर काढला, बांधलेत, आता शांत आहेत.’ बेडजवळ उभं न राहता काउंटरशीच झालेलं हे बोलणं. दिवसाच्या सिस्टरने हात सोडले. आजोबा बोलेनात, घास तोंडात धरून ठेवत, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटत. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी ‘शांत’, ‘सहकार्य करतो’ अशा आहेत. आजारपणात माणूस अचानक असा गोंधळतो त्याला डिलिरियम म्हणतात. त्याचा आरडाओरडा न करणारा, गप्प पडून राहणारा प्रकार वृद्धांमध्ये जास्त आढळतो, तो हमखास निसटतो आणि त्यातल्या रुग्णांची गत पुष्कळदा आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा वाईट होते. वॉर्डाच्या दृष्टीने मात्र तो आदर्श रुग्ण असतो.

ओळखलं मावशींनी, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाईंनी. त्याच दुपारी डायपर बघायला गेल्या आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, आजोबांचं पोट टम्म झालंय आणि डायपर सकाळपासून कोरडाच आहे.’ सिस्टर तेव्हा दोन डिस्चार्जच्या कागदांत अडकलेल्या, ‘हो मावशी, बघते’ म्हणाल्या. पुन्हा कॅथेटर टाकला गेला तो संध्याकाळी, आणि जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. कारण सरळ आहे. एव्हिल म्हणजे फेनिरामाइन, ॲलर्जीवरचं जुन्या पिढीतलं औषध. गुंगी येते म्हणून अनेक वॉर्डांत ते झोपेसाठी सर्रास वापरतात. वृद्धांमध्ये असल्या औषधाने लघवी अडते, शौचाला होत नाही आणि गोंधळ वाढतो. वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची जी बीअर्स यादी जगभर वापरतात, तिच्यात हा गट ठळकपणे आहे. आजोबांच्या गोंधळावर दिलेलं औषध गोंधळ वाढवणारं होतं, वर त्याने लघवी अडवली, आणि तुंबलेल्या मूत्राशयाने तळमळ आणखी वाढवली.

त्या रात्री ते कॅथेटर का ओढत होते, हेही नंतर त्यांच्याकडूनच कळलं. नळी असली तरी लघवीची भावना होते. ते सारखे ‘बाथरूमला जायचंय’ म्हणत होते आणि उत्तर मिळत होतं, ‘नळी आहे ना आजोबा, तिथेच होऊ द्या.’ कानाचं यंत्र ऑपरेशनच्या आधी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं, चष्मा मुलीने ‘हरवेल’ म्हणून घरी नेलेला. ऐकू येत नाही, दिसत नाही, अंधारात कोणीतरी हात धरतंय. एवढ्या वयाच्या स्वाभिमानी माणसाने अंथरुणात लघवी करायला नकार द्यावा, यात मला गोंधळाचं लक्षण दिसत नाही.

चौथ्या दिवशी फिजिशियनना बोलावलं गेलं. रक्तातलं सोडियम 122 पर्यंत घसरलेलं, आणि ते कमी करू शकणारं थायझाइड तसंच चालू होतं. डिलिरियम हे निदान कागदावर पहिल्यांदा तेव्हा उमटलं. थायझाइड आणि एव्हिल दोन्ही बंद झाली, सोडियम हळूहळू वर आणलं, यंत्र कानात आणि चष्मा डोळ्यांवर आला. दोन-तीन दिवसांत आजोबा पेपर मागू लागले. पण तोवर माकडहाडावर कातडी सोलवटलेली होती, दोन्ही मनगटांवर बँडेजचे वळ होते, आणि चालायचा व्यायाम आठवडाभर मागे पडला. घरी गेल्यावरही काही आठवडे ब्युरोची बाई ठेवावी लागली. चार दिवसांत घरी जाऊ शकणारा माणूस दोन आठवड्यांनी गेला, बिल त्या हिशेबात.

बांधण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते, कारण वॉर्डात सगळ्यांचा बचाव एकच होता : ‘पडले असते तर?’ हातपाय बांधल्याने पडणं कमी होतं असा पुरावा नाही. उलट बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, कॉटच्या कठड्यावरून उंचावरून पडतो, त्याला जखमा होतात, डिलिरियम वाढतो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मानकांतही बांधण्यासाठी लेखी धोरण आणि देखरेख लागते. इथे डॉक्टरांची लेखी ऑर्डर नव्हती, नातेवाइकांना सांगितलं नव्हतं, दर ठरावीक वेळाने सोडून हात तपासल्याची नोंद नव्हती. या तिन्ही गोष्टी चुकल्या, आणि मेमो त्यावरच निघाला. मेमो रात्रपाळीच्या सिस्टरला. फोनवर एव्हिल सांगणाऱ्या आरएमओला काही नाही, दिवसभर ‘शांत’ लिहिणाऱ्यांना काही नाही. माझ्या अहवालात मी याला हरकत घेतली आणि ती नोंदवून घेतली गेली, एवढंच.

मनुष्यबळाचा मुद्दा टाळता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात शिकवण्याच्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. त्या रात्री तेरा रुग्णांना एक होती. तिच्याकडे आजोबांजवळ बसायला वेळ नव्हता हे खरं आहे, आणि बँडेजकडे हात जाण्यामागे ते मोठं कारण आहे. पण शुगर तपासायला दोन मिनिटं लागतात आणि ती तिने नऊ नंबरसाठी काढली. म्हणून संख्येचा प्रश्न आणि नजरेचा प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. व्यवस्थापनाला पहिला नको असतो, संघटनांना दुसरा.

शिवाय वॉर्डातली कामाची उतरंड. आयसीयू, कॅथ लॅब, ओटी या मानाच्या पोस्टिंग. ऑर्थो-मेडिसिनचा जनरल वॉर्ड म्हणजे ‘म्हाताऱ्यांचा वॉर्ड’, नव्या मुलींना किंवा इनचार्जशी बिनसलेल्यांना. त्यातही भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, तोंड स्वच्छ करणं ही कामं ‘मावशींची’. अभ्यासक्रमात ती पहिल्या वर्षाला मूलभूत नर्सिंग म्हणून शिकवतो, दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थिनी ती करायला लाजते, आणि नोकरीत पहिल्याच महिन्यात तिला कळतं की ती आपली नव्हेत. वृद्ध रुग्णाबद्दलची जवळजवळ सगळी महत्त्वाची माहिती याच कामांतून मिळते. कोरडा डायपर मावशींना दिसला, कारण तिथे फक्त त्याच हात लावत होत्या. आणि मावशींना हँडओव्हरमध्ये जागा नव्हती.

सुधारणा म्हणून वॉर्डात जे झालं, ते सगळंच टिकलं नाही. सर्वांत उपयोगी पडली ती डिलिरियम ओळखायची ‘फोर एटी’ ही छोटी चाचणी. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली, दोन मिनिटांच्या आत होणारी. रुग्ण किती जागा आहे ते बघायचं, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचं, महिने उलटे म्हणायला सांगायचे, आणि वागण्यात अचानक बदल झालाय का ते ठरवायचं. चार किंवा जास्त गुण आले की डॉक्टरला बोलवायचं. पासष्टीपुढच्या प्रत्येकाची ती ॲडमिशनला आणि रोज संध्याकाळी करायची ठरलं. ती जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही हे पहिल्या आठवड्यातच कळलं. अर्ध्या वॉर्डाची जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी ती लिहिली. एका आजींनी सांगितलं, ‘पानशेत फुटलं तेव्हा मी पाचवीत होते’, म्हणजे 1961, आणि ते त्यांच्या कागदावरच्या तारखेपेक्षा जास्त बरोबर निघालं. इंग्रजी महिने उलटे म्हणताना शाळा न शिकलेल्या बायका अडतात, त्यांना वार उलटे म्हणायला सांगितलं की कळतं. कॉटसमोर मोठ्या अक्षरांचं कालनिर्णय आणि घड्याळ लावलं. ते लावण्यावरूनही मेंटेनन्सवाल्यांशी भिंतीला खिळा मारायचा की नाही यावर आठवडा गेला.

बाकी उपाय जुनेच आहेत. शेरन इनूये यांनी येलमध्ये सत्तरीपुढच्या 852 रुग्णांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला : चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, झोप, लवकर चालवणं, गप्पा, एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 वर आलं. त्यात एकही महागडी वस्तू नाही. आमच्याकडे चष्मा आणि यंत्रासाठी कॉटला अडकवायची प्लॅस्टिकची डबी आली आणि ती आजही आहे. रात्री दोनचं अँटिबायोटिक दहा आणि सहाला बसवून घेतलं, त्याला फार्मसीने महिनाभर घोळ घातला. रात्री एका नातेवाइकाला थांबू द्यायचा पास मात्र सिक्युरिटीने दोन आठवड्यांत बंद पाडला, ‘मग सगळेच मागतील’ म्हणून. मुलगी त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावरच होती. वडिलांशेजारी बसू दिलं असतं तर बँडेज लागलंच नसतं, असं तिने तक्रारीत लिहिलं होतं, आणि मला ते पटतं.

मावशींचा हँडओव्हर टिकला. सकाळी काउंटरऐवजी कॉटशी उभं राहून, त्या-त्या वॉर्डाच्या मावशी सोबत. पहिल्यांदा दोघी-तिघी सिस्टरनी नाकं मुरडली. मग एकदा मावशींनी ‘अकरा नंबरची आजी कालपासून ताट लावलं तरी डाव्या बाजूचं खात नाही’ असं सांगितलं आणि तो लकवा निघाला, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

रात्रपाळीच्या त्या सिस्टरने तीन महिन्यांनी राजीनामा दिला. नवी मुंबईत जास्त पगाराची नोकरी मिळाली, आयसीयूमध्ये. मेमोचा त्याच्याशी संबंध नाही असं ती म्हणाली. जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात तिने 82 वर्षांच्या एका रुग्णासाठी आरएमओंना रात्री दोनदा फोन करून वर बोलावलं. निमोनिया सुरू होत होता. आरएमओ कुरकुरले, पण आले.

एव्हिल अजून पूर्ण बंद झालेलं नाही. एका सर्जनच्या छापील पोस्ट-ऑप ऑर्डरमध्ये ते ‘झोप न आल्यास’ म्हणून आहे, सगळ्या वयांसाठी, आणि ती ऑर्डर बदलायचा विषय औषध समितीच्या पुढच्या बैठकीत आहे.